घरीच आहेस ना?

मराठी वाङ्मयाचा इतिहास घरून काम करणाऱ्या माणसाच्या नजरेनं वाचला, तर एक गोष्ट फार लवकर लक्षात येते : आपल्याकडची मोठी कामं घरी बसून झालेलीच नाहीत. ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशाला सांगितली गेली. माउली ज्याला टेकून बसले तो पैस खांब अजून तिथं आहे, आणि त्याच्या आसपास कुठंही स्वयंपाकघर नाही. तुकोबांना देहूत घर होतं, दुकान होतं, तरी ते उठून भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसायचे. भाकरी घेऊन जिजाईंना डोंगर चढावा लागायचा, अशी गोष्ट सांगतात. समर्थांनी दासबोधासाठी महाडजवळची शिवथरघळ निवडली. पावसाळ्यात तिथं धबधब्याचा असा आवाज असतो, की कुणी दारात उभं राहून हाका मारल्या तरी आपण निरपराध.

राहता राहिले नाथ. ते गृहस्थ होते, पैठणला त्यांचा भरलेला वाडा होता, येणंजाणं होतं, पंक्ती उठत होत्या. घरात राहून मोठं काम करता येतं, याचा पुरावा म्हणून मी बरीच वर्षं त्यांच्याकडं आशेनं पाहत होते. मग कळलं, की एकनाथी भागवताच्या एकतीस अध्यायांपैकी पहिले पाच तेवढे पैठणला झाले. उरलेले सव्वीस काशीत, १५७३ साली तिथंच ग्रंथ पुरा झाला. पाच घरी, सव्वीस बाहेरगावी. काशीला जाण्याची कारणं अभ्यासकांनी वेगळी दिली आहेत आणि ती खरीच असतील. पण त्यांच्यापैकी कुणी बहुधा घरून काम केलेलं नसावं.

मी करते. डोंबिवलीत, दोन खोल्या आणि हॉलच्या जागेत, जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला. भाषांतराचं काम. ग्रंथ वगैरे नाही. यंत्रांच्या माहितीपुस्तिका, विम्याची पत्रकं, औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद. वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका मराठीत कुणीतरी लिहितं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ती वाचत कुणी नाही, हे मात्र मला ठाऊक आहे. ‘पाणी बाहेर सोडणारी नळी जमिनीपासून योग्य उंचीवर असल्याची खात्री करून घ्या’ हे वाक्य सुबक व्हावं म्हणून सकाळी उठल्याबरोबर अंगात वारं संचारावं, अशी अपेक्षा कुठल्याच माणसाकडून करता येणार नाही. पण ते वाक्य संध्याकाळपर्यंत तर व्हायला हवं असतं.

आणि संध्याकाळ व्हायच्या आत फोन येतो. ‘तू घरीच आहेस ना?’

हा प्रश्न नाही. प्रश्नाला दोन उत्तरं असतात. ‘घरीच आहेस ना’ याला ‘हो’ एवढंच उत्तर आहे, आणि ते दिलं की पुढचं वाक्य सुरू होतं. गॅसवाला येणार आहे, आम्ही बाहेर पडतोय, सिलिंडर घेऊन ठेवशील? कुरिअरचा मुलगा तर आता समोरच्यांची बेल वाजवतच नाही. सरळ माझ्याकडं येतो, ‘ताई, तीनशे दोनचं’ म्हणतो आणि माझं उत्तर यायच्या आत जिना उतरतो. आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांची पार्सलं, दोन घरांच्या किल्ल्या आणि एका घरच्या विरजणाची जबाबदारी माझ्याकडं आहे. सोसायटीच्या सभेत प्लंबर कधी बोलवायचा ही चर्चा निघाली, की सगळ्यांच्या माना एकाच वेळी माझ्याकडं वळतात. मार्च २०२० मध्ये अख्खा देश घरी बसला, तेव्हा बाकीचं सगळं भयंकर असतानाही एक क्षण मला बरं वाटलं होतं : आता लोकांना कळेल. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून, वर शर्ट आणि खाली लुंगी अशा वेषात बिल्डिंगमधले पुरुष मीटिंगा करत होते, आणि मागून कुकर वाजला की दचकत होते. पण ते दोन वर्षांत आपापल्या ऑफिसला परतले, आणि परतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांतल्या एकानं ट्रेनमधून मला फोन केला. घरीच आहात ना?

सासूबाईंचं गणित याहून निराळं आहे आणि मला ते हळूहळू पटायला लागलंय. त्या मला काम करताना बघतात तेव्हा त्यांना दिसतं ते इतकंच : सून बसली आहे. समोर उजेड आहे, बोटं हलताहेत, मधूनच ती खिडकीबाहेर बघते. त्यांच्या आयुष्यात काम म्हणजे काहीतरी कमी होत जाणं किंवा वाढत जाणं. मेथी निवडली की एका बाजूचा ढीग उतरतो आणि दुसऱ्या बाजूला देठं साठतात. स्वेटर वीतभर होतो. तांदूळ निवडून ताटाच्या या कडेचे त्या कडेला जातात. माझ्या पडद्यावर सकाळी जेवढी अक्षरं दिसत होती तेवढीच संध्याकाळी दिसतात. मग त्या येऊन अगदी मायेनं म्हणतात, ‘तुझं ते चाललंय तोवर जरा लसूण सोलून देतेस?’ गंमत म्हणजे मी देते, आणि दिवसभरात एखादं काम पूर्ण झाल्याचं समाधान मला त्या लसणाच्या वाटीतच मिळतं.

बाहेरच्यांना दोष देऊन भागत नाही, कारण बेल वाजली नाही तरी मी उठतेच. संध्याकाळी काम द्यायचं असेल त्या दिवशी आमचं घर डोंबिवलीत सर्वांत स्वच्छ असतं. मसाल्याच्या डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटतात. पंख्याची पाती पुसली जातात. पिशव्यांच्या पिशवीतल्या पिशव्या बाहेर काढून, आकारानुसार घड्या घालून, पुन्हा पिशवीत जातात. यातलं काहीही, जेव्हा हाती वेळ असतो तेव्हा करावंसं वाटत नाही. आळस म्हणजे काहीच न करणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी घरून काम करणाऱ्या आळशी माणसाला एकदा जवळून पाहावं. घाम निथळत असतो.

पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकानं १९५५ साली ‘इकॉनॉमिस्ट’मध्ये एक लेख लिहिला. हाताशी जितका वेळ असेल तितकं काम पसरत जातं, हे त्याचं सूत्र पुढं जगभर गाजलं, आणि ते सरकारी कचेऱ्यांबद्दल आहे असं सगळे समजून चालतात. लेख बराचसा आहेही त्याबद्दल. पण त्यानं सुरुवातीला दिलेलं उदाहरण कचेरीतलं नाहीच. ते आहे घरी असलेल्या एका निवांत म्हाताऱ्या बाईंचं. त्यांना भाचीला एक पोस्टकार्ड पाठवायचं आहे. कार्ड शोधण्यात तास जातो, चष्मा शोधण्यात दुसरा तास, पत्ता सापडायला अर्धा तास, मजकूर जुळवायला सव्वा तास, आणि पेटीपर्यंत जाताना छत्री न्यावी की नको हे ठरवायला वीस मिनिटं. एखाद्या गडबडीतल्या माणसाला याला एकूण तीन मिनिटं लागली असती, असं पार्किन्सन म्हणतो. बाई मात्र संध्याकाळी दमून बसतात. मी हे वाचलं तेव्हा हसले नाही. छत्रीचा प्रश्न तर मला रास्त वाटला.

नोकरी करत होते तेव्हा हे काही नव्हतं. तेव्हा मी फार उत्साही होते असंही नाही. डोंबिवली स्टेशनवर सकाळच्या जलद लोकलसाठी उभ्या असलेल्या बायकांच्या चेहऱ्यांकडं पाहून कामाच्या ओढीबद्दल कुणी कविता लिहिणार नाही. पण गाडी येते आणि सगळ्या चढतात. आज आपल्याला आतून वाटतंय का, असा विचार फलाटावर करायला जागा नसते. मागची बाई तुम्हाला चढवतेच. मग ऑफिसात मस्टर, शेजारच्या टेबलावरची सहकारी, साडेअकराचा चहा, काचेच्या दारातून डोकावणारे साहेब. या सगळ्याला आम्ही जाच म्हणत होतो. घरी आल्यावर कळलं, की मला माझं कर्तृत्व वाटत होतं त्यातलं निम्मं त्या गर्दीचं होतं.

आता घरी बसणाऱ्यांसाठी उपाय पुष्कळ सांगितले जातात. सर्वांत प्रसिद्ध उपाय एका इटालियन विद्यार्थ्याचा. फ्रान्सेस्को चिरिल्लो हा मुलगा १९८० च्या दशकाच्या अखेरीला अभ्यासात मन लागेना म्हणून हैराण होता. त्यानं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं वेळ लावायचं घड्याळ उचललं आणि ते वाजेपर्यंत उठायचं नाही, असं स्वतःला बजावलं. पुढं त्यातून पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती अशी पद्धत तयार झाली. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात, म्हणून ती पोमोदोरो पद्धत. मी ती वापरते आणि कामाच्या पंचवीस मिनिटांबद्दल माझी काही तक्रार नाही. अडतं ते विश्रांतीच्या पाच मिनिटांशी. त्या पाच मिनिटांत मी फक्त कपडे वाळत घालायला जाते. तिथं चिमटे कमी पडतात. चिमट्यांच्या डब्यात मागच्या दिवाळीचा आकाशकंदिलाचा दोरा सापडतो. आणि मी टेबलाशी परत येते तेव्हा टोमॅटो दोन-तीनदा वाजून गेलेला असतो.

व्हिक्टर ह्यूगोनं याहून जालीम उपाय केला होता. १८३० च्या शरद ऋतूत त्याच्या डोक्यावर कादंबरीची मुदत बसली होती. प्रकाशक ऐकायला तयार नव्हता. तेव्हा त्यानं शाईची बाटली आणली, मानेपासून पायापर्यंत झाकणारं एक जाडजूड राखाडी लोकरी वस्त्र आणलं आणि बाहेर जायचे कपडे कुलपात टाकले, अशी हकीगत त्याच्या पत्नीच्या आठवणींत आहे. कादंबरी जानेवारीत पुरी झाली. ‘नोत्र दाम’ची ती गोष्ट आजही वाचली जाते. पण हा उपाय आपल्याकडं लागू पडायचा नाही. घरून काम करणाऱ्या मराठी बाईचे बाहेरचे कपडे आधीच कपाटात असतात. गाऊनवर ओढणी घेतली की भाजीवाला, वाणी, इस्त्रीवाला आणि खालचं देऊळ इथपर्यंतचं जग तिला खुलं आहे. ह्यूगोला गाऊन-ओढणी सुचली असती, तर कादंबरी अजून अपुरी असती.

या सगळ्या उपायांत माणूस एकटाच असतो. स्वतःच पोलीस, स्वतःच चोर, आणि तपासही स्वतःच करायचा. माझा यावरचा विश्वास उडाला तो पुण्यात, भाच्याला भेटायला गेले तेव्हा.

भाचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. बार्शीला त्याचं स्वतंत्र खोलीचं घर आहे. वडिलांनी सुताराकडून टेबल करवून घेतलंय, वर पुस्तकांची फळी आहे, आई वेळेवर चहा आणून देते आणि दार ओढून घेते. हे सगळं सोडून तो सदाशिव पेठेजवळ कॉट बेसिसवर राहतो आणि महिन्याला पैसे भरून एका अभ्यासिकेत खुर्ची घेतो. ती अभ्यासिका मी पाहिली. जिन्यात चपलांचा खच. आत प्लायवूडचे आडोसे घातलेली अरुंद टेबलं, एकाला लागून एक. प्रत्येकावर नंबर, आडोशावर चिकटवलेला नकाशा, तारखांचे कागद, पाण्याची बाटली. वरती पंखे घरघरताहेत. कुणी पान उलटलं तर आवाज येतो. पन्नासेक मुलं-मुली एकमेकांना पाठमोरी बसलेली. मला तिथं श्वास घ्यायलाही अपराधी वाटलं.

खाली येऊन चहा घेताना मी त्याला विचारलं, ‘घरी तुझं टेबल रिकामं पडलंय रे. इथं काय मिळतं तुला?’

तो म्हणाला, ‘मावशी, माझ्या शेजारचा उठत नाही. म्हणून मला उठता येत नाही.’

‘आणि त्याला का उठता येत नाही?’

‘मी बसलोय म्हणून.’

‘बोलता का तुम्ही एकमेकांशी?’

‘नाही ना. नावपण माहीत नाही. सव्वीस नंबर.’

दोन अनोळखी मुलं एकमेकांच्या भीतीनं राज्यघटना पाठ करताहेत. मला हे फार आवडलं. वरळीला सुदाम काळू अहिरे मार्ग आहे; त्याला लोक अभ्यास गल्ली म्हणतात. चाळीतल्या लहान खोल्यांत जागा नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मुलं तिथं रस्त्याच्या दिव्याखाली बसून शिकली. जागा नाही हे कारण खरंच आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण घरी जागा झालेल्यांनाही अशा जागांची आठवण येत असणार, हे मला भाच्याच्या सव्वीस नंबरमुळे कळलं.

परळच्या चाळीत एकाच खोलीत बाबासाहेब आंबेडकर शिकले, ती हकीगत धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. खोलीत माणसं, भांडी, सरपण. उशाशी जातं, पायथ्याशी बकरी. संध्याकाळी मुलाला लवकर झोपवून वडील रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग त्याला उठवायचे आणि त्यानंतर आपण झोपायचे. काच नसलेला मिणमिणता दिवा आणि मध्यरात्र. एवढीच शांतता त्या घराला परवडत होती. या गोष्टीतून आपण नेहमी मुलाची जिद्द काढतो, आणि ती आहेच. मला अलीकडं जास्त आठवतो तो दोन वाजेपर्यंत डोळे ताणून बसलेला बाप. मुलाला उठवण्यासाठी आधी कुणीतरी जागं राहायला लागलं होतं.

काम घरी जास्त होतं की चारचौघांत बसून, याचा शास्त्रीय तपासही कुणी कुणी केला आहे. शांघायमधल्या सीट्रिप या प्रवासकंपनीच्या कॉल सेंटरवर निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. त्याचा निबंध २०१५ मध्ये छापून आला. घरून काम करायला राजी असलेल्यांपैकी ज्यांची जन्मतारीख सम, त्यांना आठवड्यातले चार दिवस घरी बसवलं. विषम तारखेचे ऑफिसात. नऊ महिन्यांनी पाहिलं तर घरच्यांचं काम १३ टक्क्यांनी जास्त भरलं. घरून काम करणारे हा आकडा साहेबांना दाखवतात आणि तिथंच थांबतात. पुढचा भाग असा, की प्रयोग संपल्यावर कुठं बसायचं ते पुन्हा निवडा असं सांगितलं, तेव्हा अर्ध्याहून अधिक जणांनी आपली आधीची पसंती बदलली. घरी बसलेल्यांतले कितीतरी जण ऑफिसला परतले. एकटं वाटतं, हे एक मोठं कारण होतं. आणि तिथं प्रत्येक फोन मोजला जात होता, हेही विसरायला नको. माझ्या नळीच्या वाक्याला कोण मोजतंय?

खरं म्हणजे घरून काम हा शोध आपण लावल्यासारखं बोलतो तेव्हा मला माझी गिरगावातली आत्या आठवते. ती पापड लाटायची. ‘श्री महिला गृह उद्योग’चं काम, लोक लिज्जत म्हणून ओळखतात ते. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्याच एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी, ८० रुपये उसने घेऊन, ते सुरू केलं होतं. आत्या त्या सात जणींतली नव्हे, पुष्कळ नंतरची. कामाची रीत अशी : सकाळी केंद्रावर जायचं, काल लाटून वाळवलेले पापड द्यायचे, ते तपासून आणि तोलून घेतले जायचे, लाटण्याची मजुरी मिळायची, आणि लगेच आजचं मळलेलं पीठ घेऊन घरी यायचं. बस्स. उद्या सकाळी पुन्हा तोलायचं आहे आणि उडदाचं पीठ तोवर थांबणार नाही. ‘आज लागत नाहीये गं मन’ असं आत्या कधी म्हणाली असेल तर ती लाटता लाटता म्हणाली असेल. दुपारी शेजारच्या दोघी आपापला पोळपाट घेऊन तिच्याकडं यायच्या. तिघींचं पीठ वेगळं, हिशेब वेगळे. पण लाटणी एका लयीत पडायची आणि गल्लीतल्या प्रत्येक लग्नाची चिकित्सा होऊन जायची. वाळत घातलेल्या पापडांची संख्या डोळ्यांना दिसायची. सासूबाईंना हे काम ताबडतोब कळलं असतं.

सिन्नर, संगमनेर, सोलापूर भागातल्या विडी वळणाऱ्या बायकांचंही असंच. कारखान्यातून तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा, पानं भिजवायची, मापाबरोबर कापायची, मांडीवर सूप घेऊन वळायला बसायचं, मजुरी हजारावर. सोलापुरात ओट्यावर चार-पाच जणी गोल करून वळताना दिसतात, तेलुगूत गप्पा चाललेल्या. यात काव्य शोधायचा माझा विचार नाही. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, पाठ मोडते, खराब म्हणून बाजूला पडलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत, आणि कुणाला दुसरं काम मिळालं तर ती हे आनंदानं सोडेल. मला फक्त एवढं दिसतं, की एवढं कंटाळवाणं काम, तेही घरात, रोज, वर्षानुवर्षं ज्या करतात, त्या एकट्या बसत नाहीत.

जात्याचं तर विचारायलाच नको. पहाटे उठून दळण हे कुणाला आवडण्यासारखं काम आहे? पण जात्याला दोघी समोरासमोर बसल्या, की एकीनं खुंटा ओढायचा तेव्हा दुसरीला सोडता येत नाही, आणि एकीनं ओवी उचलली की दुसरी गप्प राहू शकत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुढं खेडोपाडी फिरून या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. एक लाख! माझ्या ओळखीच्या एकाही लेखकानं, डोंगरावर जाऊन, शांततेत, उत्तम खुर्चीवर बसून याच्या जवळपास काही लिहिलेलं नाही. आणि त्या बायकांच्या लेखी ते काम नव्हतंच. काम म्हणजे पीठ.

तर मीही आता सोबत शोधली आहे. नागपूरला माझी एक जुनी मैत्रीण आहे. ती दुकानदारांची जीएसटीची विवरणपत्रं भरते, तीही घरून, तीही कंटाळलेली. रोज अकरा वाजता आम्ही व्हिडिओ कॉल लावतो, फोन वाटीला टेकवून ठेवतो आणि बोलत नाही. ती तिची बिलं जुळवते, मी माझ्या नळ्या जोडते. तिच्या खिडकीत कावळा ओरडला तर मला ऐकू येतो, माझ्याकडं ‘ताई, तीनशे दोनचं’ झालं की ती मान वर न करता हसते. तिनं पेन ठेवलं तर मला कळतं. मी उठून कपड्यांकडं निघाले, की पडद्यातून एक भुवई वर जाते आणि मी खाली बसते. चिमटे कमी आहेत हे आता तिलाही माहीत आहे.

पहिल्या दिवशी तिची आई खोलीत आली आणि बराच वेळ आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत उभी राहिली. मग म्हणाली, ‘दोघी बोलून तं नाही राहिल्या. मग फोन कायले चालू ठेवला?’ मैत्रिणीनं समजावून सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, आत गेल्या, आणि तुरीच्या शेंगांचं सूप घेऊन बाहेर येऊन तिथंच बसल्या. तेव्हापासून त्या रोज असतात. कधी शेंगा, कधी वाती, कधी अंबाडीची भाजी. त्यांचा ढीग त्यांच्यासमोर वाढताना आम्हाला दिसतो आणि आमचा त्यांना दिसत नाही, याची त्यांना मनापासून चिंता आहे. परवा साडेबाराला त्यांनी हात झटकले, चष्मा लावला, फोनच्या अगदी जवळ येऊन मला विचारलं, ‘सकाळपासून बसली आहेस, तुझं आज इतकंच झालं का वं?’